घरी जुळवलेली डेक घेऊन स्पर्धेला जावे का?

प्रश्न: मी वीस वर्षांची असून सांगलीत विश्रामबागेत राहते आणि बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. गेली दोन वर्षे मी आणि माझा तेरा वर्षांचा भाऊ पोकेमॉनच्या पत्त्यांचा खेळ खेळतो. दीड महिन्यानंतर पुण्यात एका दिवसाची स्पर्धा आहे. आम्ही दोघांनी घरच्या पत्त्यांतून जुळवलेली डेक, म्हणजे खेळायचा पत्त्यांचा गठ्ठा, घेऊन तिथे उतरावे, असे माझ्या मनात आहे. कॉलेजमधले मित्र म्हणतात, की घरची डेक तिथे टिकणार नाही, जिंकलेल्या खेळाडूंच्या याद्या इंटरनेटवर असतात, त्यातलीच एक उतरवून घे. पण ते पत्ते विकत घ्यायचे तर माझ्या शिकवणीचे तीन महिन्यांचे पैसे जातील. आमच्याकडे दोन पत्ते कमी होते, ते भावाने झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत छापून आणले आणि स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात, घातल्यावर ते हुबेहूब दिसतात. ते चालतील का? बाबांना हे काहीच पसंत नाही. ‘पत्ते कुटून कोणाचे भले झाले आहे?’ असे ते विचारतात. डेकची यादी सोबत जोडली आहे. मी जावे का? – एक वाचक, विश्रामबाग

उत्तर: तू जरूर जा, आणि तुमचीच डेक घेऊन जा, मात्र जी यादी तू पाठवली आहेस ती आहे तशी नेऊ नकोस. ती मी तीनदा वाचली. तिच्यात एक चांगली कल्पना आहे, पण त्या कल्पनेभोवती आवडते म्हणून ठेवलेले इतके पत्ते जमले आहेत, की मूळ कल्पनेला डावात पुढे यायला वाटच उरलेली नाही. हा दोष दुरुस्त करता येण्यासारखा आहे आणि त्यासाठी तीन महिन्यांची कमाई खर्च करावी लागणार नाही.

सर्वांत आधी छापलेल्या दोन पत्त्यांचा निकाल लावू, कारण त्यात विचार करायला जागा नाही. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाहीत. ते किती हुबेहूब दिसतात हा मुद्दाच नाही, उलट जितके हुबेहूब तितका संशय वाढतो. खेळ चालू असताना खरा पत्ता फाटला किंवा खराब झाला, तर त्याच्या जागी तात्पुरता पत्ता देण्याचा अधिकार फक्त पंचाला असतो. खेळाडूने घरून असा पत्ता आणायचा नसतो. हाताने पत्ते बनवणे ही आपल्याकडे मानाची कला आहे. सावंतवाडीला दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते आजही हाताने रंगवतात, आणि तुझ्या भावाच्या धडपडीमागे तीच हौस आहे हे मी जाणून आहे. म्हणून त्याला रागावू नकोस. ते दोन पत्ते सरावासाठी ठेव, त्यांचा मोठा उपयोग मी पुढे सांगणार आहे.

याच ओघात आणखी एक गोष्ट तपासून घे. तुमच्या संग्रहातले काही पत्ते शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेले असणार, कारण आपल्याकडच्या बहुतेक मुलांची सुरुवात तिथूनच होते. तिथे मिळणारे प्लास्टिकचे सोनेरी पत्ते नकली असतात, आणि साध्या कागदी पत्त्यांतही नकली पुष्कळ असतात. खात्रीचा एक पत्ता हातात घेऊन बाकीचे त्याच्याशी ताडून पाहा. पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट वाटतो का, जाडी कमी लागते का, अक्षरांत चुका आहेत का, टॉर्चसमोर धरल्यावर उजेड सहज आरपार येतो का, हे पाहिले की बहुतेक वेळा उलगडा होतो. ज्या पत्त्याबद्दल मनात शंका राहील तो डेकमधून काढ. स्पर्धेच्या दिवशी पंचासमोर ही शंका निघण्यापेक्षा आज घरी निघालेली बरी.

पत्ता खरा असला तरी तो त्या स्पर्धेत चालतो का, हा वेगळा प्रश्न आहे. अलीकडच्या वर्षांतल्या पत्त्यांवर खालच्या डाव्या कोपऱ्यात एक लहान इंग्रजी अक्षर छापलेले असते. स्टँडर्ड प्रकारच्या स्पर्धेत कोणती अक्षरे चालतील हे ठरलेले असते आणि जुनी अक्षरे ठरावीक काळाने बाद होतात. स्पर्धा कोणत्या प्रकारची आहे आणि त्या तारखेला कोणती अक्षरे वैध आहेत, हे आयोजकांना विचारून लिहून ठेव. यात तुझ्या फायद्याचाही एक नियम आहे. एखादा जुना पत्ता त्याच नावाने आणि त्याच मजकुराने नव्या संचात पुन्हा छापला गेला असेल, तर तुझ्याकडची जुनी प्रतही चालते. भावाच्या जुन्या डब्यात असे ट्रेनर पत्ते, म्हणजे डावात मदत करणारे पत्ते, निघण्याची शक्यता चांगली आहे. जपानी किंवा दुसऱ्या एखाद्या भाषेतले पत्ते असतील, तर तेही आयोजकांना आधीच विचार.

आता यादीकडे वळू. डेक बरोबर ६० पत्त्यांची असावी आणि मूळ ऊर्जेचे (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायचे) पत्ते सोडून एका नावाचे ४ पेक्षा जास्त पत्ते नसावेत, हे दोन्ही नियम तू पाळले आहेस. तुझ्या यादीत २२ पोकेमॉन, १८ ट्रेनर आणि २० ऊर्जा आहेत. २२ पोकेमॉनमध्ये १४ वेगवेगळी नावे असून बेसिक, म्हणजे थेट मांडता येणारे, फक्त ८ आहेत. जो स्टेज २ पोकेमॉन, म्हणजे बेसिकवरून दोन पायऱ्या चढलेले रूप, तुमच्या डेकचा जीव आहे, त्याच्या तिन्ही पायऱ्यांचे दोन-दोनच पत्ते आहेत.

पहिली अडचण त्या ८ आकड्यात आहे. सुरुवातीला हातात ७ पत्ते येतात आणि त्यांत एकही बेसिक नसेल, तर हात उघडा करून दाखवावा लागतो, पत्ते पुन्हा पिसावे लागतात आणि प्रतिस्पर्ध्याला त्याबदल्यात एक जादा पत्ता घेता येतो. ६० पत्त्यांत ८ बेसिक असतील तर पहिल्या ७ पत्त्यांत एकही न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. म्हणजे साधारण तीन डावांपैकी एका डावाची सुरुवात तू प्रतिस्पर्ध्याला फुकटचा पत्ता देऊन करणार. बेसिक १२ केलेस तर हीच शक्यता सुमारे १९ टक्क्यांवर येते. तू बी. कॉम. करतेस, तेव्हा संभाव्यता तुला नवी नाही. हे गणित स्वतः मांडून पाहा, त्यात फक्त सात अपूर्णांकांचा गुणाकार आहे. आकडा दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा स्वतः काढला, की आवडता पत्ता बाजूला ठेवायला मन लवकर तयार होते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. मुख्य पोकेमॉनच्या बेसिक रूपाचे दोनच पत्ते असतील, तर पहिल्या ७ पत्त्यांत त्यांतला एक तरी येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते. चार ठेवलेस तर ती ४० टक्के होते. चार बेसिक आणि त्यांच्या जोडीला बेसिक शोधून आणणारे चार ट्रेनर पत्ते, असे आठ पत्ते ठेवलेस तर त्यांपैकी काहीतरी हातात असण्याची शक्यता ६५ टक्क्यांपर्यंत जाते. पत्ते तेच, कल्पना तीच, पण डेक पाच डावांत एकदा नव्हे तर तीन डावांत दोनदा आपले काम वेळेवर सुरू करते. इंटरनेटवरच्या जिंकलेल्या याद्यांत निम्म्याहून अधिक पत्ते ट्रेनर का असतात, याचे उत्तर इथे आहे. ते खेळाडू श्रीमंत आहेत म्हणून जिंकत नाहीत. त्यांची डेक दर डावात साधारण सारखीच वागते म्हणून जिंकतात. तुझ्या डेकला मी हाच एक गुण मागतो आहे.

समोरचा पोकेमॉन पाडला की उचलायचे आणि सगळे उचलले की डाव जिंकून देणारे बक्षिसाचे ६ पत्ते डेकमधूनच बाजूला काढले जातात, हेही ध्यानात घे. जो पत्ता डेकमध्ये एकच आहे तो त्या सहांत अडकण्याची शक्यता बरोबर १० टक्के असते. तुझ्या यादीत एकेकटे असे ११ पत्ते आहेत. ज्या पत्त्यावाचून डाव जिंकताच येत नाही तो कधीही एकटा ठेवू नये. एकटा पत्ता असा असावा, की तो आला तर सोय झाली आणि नाही आला तर अडले नाही. मी पहिल्यांदा स्पर्धेला गेलो तेव्हा माझ्याही डेकमध्ये असेच एकेकटे पत्ते होते. पहिल्या दोन फेऱ्यांत मला हवा असलेला पत्ता दोन्ही वेळा बक्षिसांत अडकून राहिला होता आणि मी तो दिवस नशिबाला बोल लावण्यात घालवला. परत येताना एसटीत यादी पुन्हा वाचली, तेव्हा ती चूक माझ्याच हाताने लिहिलेली मला दिसली.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मुख्य बेसिकचे ४ पत्ते कर आणि स्टेज २ चे निदान ३. मधल्या पायरीचे पत्ते कमी ठेवून त्यांच्या जागी रेअर कँडीचे ४ पत्ते घाल, कारण त्या पत्त्यामुळे बेसिकवरून थेट स्टेज २ वर जाता येते. मात्र आपल्या पहिल्या पाळीत आणि ज्या पाळीत तो बेसिक मांडला त्याच पाळीत हा पत्ता वापरता येत नाही, हे विसरू नकोस. ऊर्जा २० कशासाठी? तुझ्या मुख्य हल्ल्याला दोनच ऊर्जा लागतात आणि एका पाळीत हातातली एकच ऊर्जा लावता येते. दहा-बारांवर ये आणि मग सरावात कमी पडते का ते पाहा. मोकळ्या झालेल्या जागी हात बदलून देणारे पत्ते हवेत. प्रोफेसर्स रिसर्चमध्ये हातातले सारे टाकून नवे ७ घेता येतात. ट्रेनरमधल्या या सपोर्टर प्रकारचा पत्ता पाळीत एकदाच खेळता येतो, तेव्हा असे पत्ते आठ-नऊपेक्षा जास्त साठवून उपयोग नसतो. बॉसेस ऑर्डर्सचे निदान दोन हवेत, कारण बाकावर, म्हणजे मागच्या रांगेत, लपवून ठेवलेला पोकेमॉन समोर ओढून आणण्याची सोय नसेल, तर जिंकत आलेला डावही शेवटच्या बक्षिसावर अडून बसतो. हे ट्रेनर पत्ते नेहमीच्या साध्या छपाईत, सुटे, मुख्य चमकदार पत्त्यांपेक्षा बहुधा पुष्कळ कमी पैशांत मिळतात. मित्रांनी सांगितलेल्या यादीतला हाच भाग तू बिनदिक्कत उतरवून घे. सुतार रंधा स्वतः घडवत नाही, म्हणून त्याने केलेला पाट परका ठरत नाही.

आता घरच्या डेकची खरी परीक्षा सांगतो. स्पर्धेत समोर बहुतेकांकडे एक्स प्रकारचे बलदंड पोकेमॉन असतील. त्यांतला एक पडला की तुला दोन बक्षिसे मिळतात, आणि मेगा एक्स पडला तर तीन. तुझा मुख्य पोकेमॉन साधा आहे, तो पडला तर प्रतिस्पर्ध्याला एकच मिळते. म्हणजे सहा बक्षिसांसाठी तुला त्याचे तीन एक्स पाडावे लागतील आणि त्याला तुझे सहा पोकेमॉन. तुझा एक फटका त्याच्या एक्सला पुरत नाही असे समजू. दोन फटक्यांत तो पडत असेल, तर तुला एकूण सहा हल्ले लागतात; तो तुझा पोकेमॉन एकेका फटक्यात पाडत असेल, तर त्यालाही सहाच लागतात. हिशोब बरोबरीचा झाला. कमी किमतीच्या, घरी जुळवलेल्या डेकने मोठ्या डेकसमोर उभे राहायचे ते या हिशोबाच्या बळावर, आणि तुमच्या कल्पनेतली मला आवडलेली गोष्ट नेमकी हीच आहे.

पण हा हिशोब एका अटीवर खरा ठरतो. एक पोकेमॉन पडला, की पुढच्याच पाळीत दुसरा हल्ल्याला तयार असला पाहिजे, तोही सहावा हल्ला होईपर्यंत. दोन-दोन-दोनच्या रचनेत तुझ्याकडे जास्तीत जास्त दोन हल्लेखोर उभे राहतात आणि तिसऱ्यापासून फळी रिकामी होते. यादी तशीच नेऊ नकोस असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठी. चार बेसिक आणि तीन स्टेज २ केलेस की तीन हल्लेखोर होतात. त्यांच्या जोडीला कमी ऊर्जेत हल्ला करणारा एखादा बेसिक पोकेमॉन आणि टाकलेल्या ढिगातून पोकेमॉन परत आणणारे दोन-तीन पत्ते असले, की सहाची साखळी पूर्ण होते. कागदावर सहा हल्ल्यांची ही साखळी एकदा लिहून काढ: पहिला कोण, दुसरा कोण, ऊर्जा कुठून येणार. जिथे लिहायला सुचत नाही तिथे डेकमध्ये भोक आहे असे समज.

दुर्लक्षित पत्त्यांनी मोठे यश मिळाल्याची उदाहरणे आहेत, आणि ती केवळ धीर देण्यासाठी सांगत नाही. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत मास्टर्स या मोठ्यांच्या गटाचे विजेतेपद जपानच्या शिंतारो इतो याने मेगा ऑडिनोच्या डेकवर मिळवले. ती डेक जिंकेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्याच्या वीस वर्षे आधी, १९९६ मध्ये, अमेरिकेत अटलांटा येथे ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाच्या पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू जे श्नायडर याने रचलेली डेक घेऊन दुसरा आला. तिच्यात इतरांनी कमकुवत म्हणून टाकून दिलेले लहान लाल पत्ते होते. पण प्रत्येक पाळीत हाताशी असेल तेवढे सारे बळ वापरले गेले पाहिजे, एकही पाळी वाया जाता कामा नये, अशा बेताने प्रत्येक किमतीचे पत्ते मोजून घातलेले होते. पाळीगणिक खर्चाचा हा मेळ घालण्याची रीत पुढे डेक बांधण्याचा पायाच झाली. या दोन्ही डेक अनपेक्षित होत्या, पण ढिसाळ नव्हत्या.

अनपेक्षितपणावर मात्र फार विसंबू नकोस. आपल्या भागात कुस्तीची मैदाने पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही: नवा डाव पहिल्या पकडीत चालतो, दुसऱ्या पकडीला समोरचा पैलवान सावध झालेला असतो. प्रतिस्पर्ध्याला पटावरचा तुझा पत्ता वाचण्याचा हक्क आहे आणि तो वाचेल. तीन डावांच्या सामन्यात दुसऱ्या डावापर्यंत तुझी युक्ती त्याला कळलेली असते. त्यानंतरही डेक चालली पाहिजे.

ती चालते का हे सरावाशिवाय कळत नाही, आणि इथे भावाच्या छपाईचा उपयोग आहे. सध्या स्पर्धांत जास्त दिसणाऱ्या चार-पाच डेकच्या याद्या घे, त्यांचे पत्ते साध्या कागदावर काळे-पांढरे छापून घे आणि खेळायच्या पत्त्यांच्या जुन्या कॅटमधल्या पत्त्यांवर ठेवून स्लीव्हमध्ये घाल. घरच्या सरावाला असे पत्ते चालतात, त्यात कोणाची फसवणूक नाही. भावाने त्या डेक खेळायच्या आणि तू तुमची. त्याला जिंकायला सांग, तुला शिकवायला नव्हे. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे मोफत ॲपही आहे, त्यावर अनोळखी खेळाडूंशी सराव होतो. पण समोरासमोर बसून पत्ते पिसणे, नुकसानीचे ठोकळे मांडणे, बक्षिसे मोजणे याची हाताला सवय लागते ती घरच्या चटईवरच.

प्रत्येक डावाची नोंद वहीत कर. पहिली पाळी कोणाची होती, बेसिक आला की हात बदलावा लागला, मुख्य पोकेमॉन कितव्या पाळीत उभा राहिला, शेवटी हातात कोणता पत्ता निरुपयोगी म्हणून उरला, एवढ्या चार गोष्टी पुरेत. तीस-चाळीस डाव झाले की एखादा पत्ता पुन्हा पुन्हा त्या शेवटच्या रकान्यात दिसेल. तो काढ, मग तो भावाचा कितीही लाडका असो. भावाला विचारून काढ, एवढेच म्हणेन, कारण डेक दोघांची आहे. पहिली पाळी घ्यावी की दुसरी, याचेही उत्तर त्या वहीतच मिळेल. पहिली पाळी घेणाऱ्याला त्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टर खेळता येत नाही, पण पुढच्या रूपावर चढण्याची संधी त्यालाच आधी मिळते. स्टेज २ च्या डेकला कोणता सौदा परवडतो हे आकड्यांवरून ठरव.

घरची डेक टिकणार नाही असे म्हणताना तुझ्या मित्रांच्या डोळ्यांपुढे बहुधा बाद फेऱ्यांची स्पर्धा असावी. पहिल्या फेरीत हरले की घरी, असे तिथे सहसा नसते. अशा स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने होतात आणि सांगलीत ही पद्धत परकी नाही. नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी ज्या गावाला बुद्धिबळाचे वेड लावले, तिथल्या कितीतरी घरांत फेऱ्यांच्या जोड्या कशा लागतात याची चर्चा जेवताना होत असते. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत सुरू झालेली तीच पद्धत इथे वापरतात: साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घालायची आणि ठरलेल्या साऱ्या फेऱ्या सगळ्यांनी खेळायच्या. फरक गुणांत आहे. बुद्धिबळात बरोबरीला अर्धा गुण मिळतो, इथे विजयाला ३ आणि बरोबरीला १, म्हणजे बरोबरीची किंमत विजयाच्या एक तृतीयांश. तीन डावांच्या सामन्याला साधारण ५० मिनिटे मिळतात. तुझ्यासारख्या हळूहळू उभ्या राहणाऱ्या डेकला वेळ अपुरा पडून बरोबरी पदरात पडण्याचा धोका मोठा आहे. म्हणून घरचा सराव घड्याळ लावून कर, आणि पहिला डाव हातचा गेला आहे असे स्पष्ट दिसले तर तो सोडून दुसऱ्याला वेळ राखायला शिक.

बाबांविषयी. त्यांच्या मनात ‘पत्ते’ म्हणजे पारावरचा पैशांचा डाव आहे, आणि तशा डावांनी उजाडलेली घरे त्यांच्या पिढीने पाहिली आहेत. त्यांची भीती खोटी म्हणून उडवून लावू नकोस. त्यांना सांग, की या खेळात पैसा लावला जात नाही, प्रवेश फी भरून सामने खेळायचे असतात. हा खेळ १९९६ साली जपानात सुरू झाला. संग्रहाच्या पत्त्यांचे खेळ जगभर रुजवणारा ‘मॅजिक’ त्याआधी तीन वर्षे, १९९३ मध्ये, रिचर्ड गारफिल्ड या गणितात डॉक्टरेट केलेल्या गृहस्थाने तयार केला होता. तुझी संभाव्यतेची वही त्यांच्यापुढे ठेव. कॉलेजात शिकलेले गणित मुलगी कुठे वापरते आहे, हे त्यांना त्या वहीत दिसेल.

एका बाबतीत मात्र मी बाबांच्या बाजूचा आहे. बंद पाकिटे फोडत बसणे आणि हवा तो पत्ता निघेल या आशेवर आणखी एक पाकीट घेणे, यात जुगाराची चव आहे. शिकवणीचे पैसे त्यात एक रुपयाही घालू नकोस. जो पत्ता हवा तो नाव सांगून सुटा विकत घे. आधी रक्कम ठरव, ती बाबांना सांग आणि ती संपली की थांब. हे तू पाळते आहेस असे त्यांना दिसले, तर पुण्याला जाण्याची परवानगी मागणे सोपे जाईल.

राहिल्या तयारीच्या बारीकसारीक गोष्टी. साऱ्या ६० पत्त्यांना एकाच रंगाच्या, पाठ अपारदर्शक असलेल्या नव्या स्लीव्ह घाल आणि दहा-बारा जादा जवळ ठेव. चमकदार पत्ते दमट हवेत वाकतात. पावसाळ्यात कृष्णाकाठच्या घरांत कागदाची काय गत होते ते तू जाणतेस. डेकमध्ये नेमके महत्त्वाचे चारच पत्ते चमकदार आणि वाकलेले असतील, तर ते पाठीवरून ओळखू येतात आणि तुझ्या मनात काही नसताना खुणेचे पत्ते वापरल्याचा ठपका येऊ शकतो. त्याच पत्त्यांच्या साध्या प्रती मिळत असतील तर त्याच घाल. प्रवासात भडंग खाल्लेस तर हात धुतल्याशिवाय डेकला हात लावू नकोस, तेलाचा एक डागही खूण ठरतो. यादीचा कागद आदल्या दिवशी लिही आणि भावाकडून पत्ता-पत्ता मोजून घे; यादीत एक आणि डेकमध्ये दुसरे असे निघाले, तर पूर्ण डाव गमवावा लागू शकतो. सांगलीहून स्वारगेटला पोहोचायला पाच तासांच्या आसपास लागतात, तेव्हा पहाटेच्या गाडीचा भरवसा न धरता आदल्या दिवशीच जा.

पटावर बसलीस की हल्ल्याचे नाव आणि नुकसानीचा आकडा मोठ्याने सांग, पिसलेले पत्ते प्रतिस्पर्ध्याला कापायला दे, आणि नियमाबद्दल जराही शंका आली तर लगेच हात वर करून पंचाला बोलाव. समोरचा अनुभवी आहे म्हणून त्याचे म्हणणे मान्य करू नकोस. पंचाला बोलावणे म्हणजे तक्रार नव्हे, नवखे आणि जाणते दोघेही ते करतात.

दीड महिन्यातले पहिले दोन आठवडे यादी बदलण्यात जाऊ देत, पुढचे तीन आठवडे रोज दोन डाव खेळ, आणि शेवटचा आठवडा आला की यादीला हात लावू नकोस. आदल्या रात्री सुचलेला पत्ता दुसऱ्या दिवशी हमखास नडतो, कारण त्याच्याबरोबर खेळण्याची सवय झालेली नसते. भावालाही बरोबर ने. वयोगट जन्मवर्षावरून ठरतात, त्यामुळे त्याचा गट तुझ्यापेक्षा वेगळा असेल. त्याला खेळायचे असेल तर त्याची ६० पत्त्यांची डेक वेगळी लागेल, आणि तुझ्या यादीतून बाहेर निघालेल्या पत्त्यांपासून तिची सुरुवात होऊ शकते. दुरुस्त केलेली यादी आणि वहीतले पहिल्या वीस डावांचे आकडे मला पाठव, मी ते लगेच पाहीन.